दारावरचा आदर्श

चि. धाकटोबास, ताईचे आशीर्वाद (रागात असले तरी ते द्यावेच लागतात).

तुझा गुन्हा सोमवारचा, तीन तारखेचा, सकाळी साडेदहाचा. सोसायटीचा सचिव या नात्यानं तू सुतार वर पाठवलास आणि माझ्या दारावर 'आदर्श रहिवासी' अशी पितळी पाटी बसवून घेतलीस. टाळ्या झाल्या. मीही हसले, हे कबूल. तुझी तब्येत बरी असेलच. तळमजल्यावर राहणाऱ्यांची असते.

तेव्हापासून मला उसंत नाही. उठायला उशीर झाला, तर शेजारीण काळजी करत नाही, निराश होते. समोरचे निवृत्त कारकून माझ्या कचऱ्याच्या डब्यात डोकावून "ताई, निदान तुम्ही तरी?" म्हणतात. (केळ्याची साल ओल्या कचऱ्यातच होती. चष्मा त्यांचा घरी राहिला होता.) दुसऱ्या मजल्यावरची बाई तर नव्या सुनेला माझ्या दारात उभी करून गेली, नुसतं बघायला. सून बिचारी कुजबुजली, "काकू, नक्की काय बघू?" म्हटलं, "बाई, तुला कळलं तर मलाही सांग."

आता परवाचं ऐक. लिफ्ट बंद. (कधीपासून, ते सचिवांना विचारावं.) भाजीची पिशवी घेऊन चढताना तिसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यानं दगा दिला. पायरीवर बसले, ती बसलेच. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाई मुलांना घेऊन उतरली. वाटलं, आली देवासारखी धावून! तिनं मुलांना थांबवलं आणि म्हणाली, "बघा, या वयातही आजी लिफ्टसाठी कुरकुरत नाहीत. शिका काहीतरी!" मुलांनी बघितलं. तिनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि सगळे खाली गेले. मी दातओठ खात होते, ते फोटोत स्मित म्हणून आलं आहे. खाली पहिला अंगठा तुझा.

शाळेत सिस्टर सांगायच्या, अर्थ ठाऊक नसलेला शब्द अंगावर घेऊ नये. (पट्टीनं सांगायच्या, म्हणून लक्षात आहे.) पाय उशीवर ठेवून शब्दकोश उघडला. आदर्श म्हणजे मुळात आरसा. आपला रोजचा 'आरसा'ही त्याच शब्दातून झिजत झिजत आलेला. (झिजणं मला समजतं.) मग डोक्यात प्रकाश पडला. माणसं आरशापुढे येतात, स्वतःचे केस सारखे करतात आणि चालू लागतात. बाई गं, तू कशी आहेस, असं आरशाला आजवर कोणी विचारलेलं नाही.

तेव्हा ती पाटी काढ. तिला चार स्क्रू आहेत; लिफ्टला कमी पडत असतील तर तिकडे लाव. लेखी उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवं.

तुझी ताई

ता. क. हे पत्र दूधवाल्याच्या हाती पाठवते आहे. उत्तर मात्र त्याच्या हाती चालणार नाही. स्वतः घेऊन ये, चारही मजले चढून.

ता. क. २. शुक्रवारी एक वाजता डॉक्टरांना गुडघा दाखवायचा आहे. एकटीला जिना उतरवत नाही. कोणाला सांगायला जावं, तर दारावर ती पाटी. येताना तुझी काठी आण. चढताना तुला होईल, उतरताना मला.