एकच टेप

२ जुलै
आलो बुवा एकदाचा! बसनं हाडं खिळखिळी केली, पण भामरागडच्या पल्याडची ही शाळा पाहून जीव खूश झाला. शुद्ध मराठी दिवसभर पोरांसमोर बोलावंच लागते, म्हणून रोजनिशी तरी आपल्या बोलीत लिहीन.

खोली मुखरूभाऊच्या घरी भेटली. धानाची शेती आहे, माणूस कमी बोलणारा. त्याची बायको बायनाबाई मातर बोलाले लागली तं थांबतच नाई. रोवणीत, म्हंजे धानाची रोपं लावताना, गाणं तीच धरते म्हणे, अन् तिच्या मागं साऱ्या बाया. तिच्याबिगर धानाच्या बांधीत कोणाचा हातच उचलत नाई, असं शेजारी सांगतात.

अन् खरी लॉटरी तं पुढंच आहे! माळ्यावर जुन्या भाडेकरूची पेटी पडली होती. मुखरूभाऊ म्हणाला, पाहा सर, कामाचं असन तं घ्या. उघडली अन् मी उडालोच. डॅट रेकॉर्डर! डिजिटल कॅसेटवाला, हातात मावेल एवढा, कंपन्यांनी कधीचाच बंद केलेला. आत आगपेटीहून जराशी मोठी एकच कॅसेट, कोरी. सेल टाकले, चालू! लगेच चंद्रपूरले प्रणितले फोन लावला. माहा दोस्त, पण पक्का डीसीसीवाला, म्हंजे दुसऱ्या जातीच्या डिजिटल कॅसेटचा भक्त. त्याच्या मते डॅट म्हणजे श्रीमंताचे चोचले, डीसीसीच्या मशीनवर निदान साध्या कॅसेटी तरी वाजतात. जळला, दुसरं काय! दोन्ही फॉर्मॅट कधीचेच मेले, आमचं भांडण मातर जित्तं आहे.

५ जुलै
विहिरीमागच्या बेडकांचा आवाज भरला. काय सफाई! ना खरखर, ना सूं सूं. डोळे मिटले की बेडूक मांडीवर बसला वाटते. शाळेतून आलो की हेच ऐकून राह्यलो.

८ जुलै
आज कोंबडा भरला. कोऱ्या टेपा आता कोणी बनवत नाई, जवळ एकच, म्हणून पुढची जागा कोरी ठेवून पहिल्यापासून गुंडाळून बेडकांवरच भरला. आम्हा हौशी लोकांची रीतच ती, ऐकलं, मन भरलं, पुसलं. प्रणितनं टेपा पाठवतो म्हटलं, पण पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला. आता पाणी उतरल्याशिवाय ना टेप येत, ना मी जात. बेडकं चूप झाली, एवढ्या पावसात, काऊन कोणास ठाऊक.

११ जुलै
बायनाबाईले रोवणीचं गाणं म्हणाले बसवलं. आधी लाजली, मंग असा आवाज लावला की अंगावर काटा आला. कोंबड्यावरच भरलं. मुखरूभाऊले बटनं दाखवली. हेडफोन लावून तो ऐकत बसला, अन् बायकोकडं असा पाहे जसं लगन कालच झालं. मले लय बरं वाटलं.

१३ जुलै
प्रणितसंगं फोनवर पुन्हा जुंपली. म्हणे तुह्या डॅटची शांतता सारी कागदावरची. असं काय? माईक छातीले लावला, श्वास धरला अन् माह्या काळजाचे ठोके भरले. गाण्यावरच, रीतीप्रमाणं पहिल्यापासून गुंडाळून. ऐकलं. निव्वळ धक धक, मागं काहीच नाई. बोल आता, प्रणित्या! पण फोन लावतो तं नेटवर्क गेलेलं.

कोंबडा कालपासून मान ताणून चोच उघडते, आवाज काही निघत नाई.

१४ जुलै
बायनाबाईचा आवाज गेला. तोंड उघडते, काहीच नाई. खोकला नाई, रडते तं हुंदकाही नाई. मुखरूभाऊनं काढा पाजला, मले वाटलं घसा धरला असन. मंग अंगणातल्या कोंबड्याकडं नजर गेली.

बेडकांवर कोंबडा भरला. कोंबड्यावर गाणं. गाण्यावर मी.

टेपवरून पुसलं की जगातूनही जाते. अन् आता टेपवर माहं काळीज आहे.

१५ जुलै
राहवलं नाई, मुखरूभाऊले सारं सांगतलं. हसन वाटलं होतं. नाई हसला. म्हणाला, मंग तिले पुन्हा भरा. मी म्हटलं, भाऊ, टेप पुढं कोरी आहे, तिथी भरू. तो म्हणाला, नाई, आवाज जिथी गेला तिथीच भेटन. मी म्हटलं, तिथी माहे ठोके आहेत, मी मरीन. तो म्हणाला, तुमची तं नुसती धकधक आहे सर, तिचं गाणं गेलं. रोवणी तोंडावर आहे, तिले कोण विचारन?

आवाजच नाई तं भरन काय ती? हेही विचारलं. तो उठून गेला. मशीन पोटाशी घेऊन बसलो.

१६ जुलै
पळालो. मशीन घेऊन पुलापर्यंत गेलो. पूल दिसतच नाई, नुसतं लाल पाणी. नाव नाई. पोहून जावं तं टेप भिजन, अन् टेप भिजली तं— वापस आलो. दुसरं जाऊ कुठी? मुखरूभाऊनं जेवाले वाढलं. त्याची नजर मातर मशीनवर. भेव वाटते.

१७ जुलै
आंघोळीले गेलो तेवढ्यात— मशीन नाई. खोलीत शोधाले शिरलो, मुखरूभाऊनं बाहेरून कडी लावली. लाता मारल्या. दार सागवानी.

खिडकीतून दिसते. ओसरीवर बायनाबाई. तो माईक तिच्या हातात देते, ती ढकलते. मान हलवते— नाई, नाई. देवा, ती नाई म्हणून राह्यली! तो तिच्या पायाशी बसला. रडते. म्हणते, एक डाव, बायना, एकच डाव—

तिनं माह्याकडं पाह्यलं.

माईक घेतला.

ओरडून राह्यलो, बाई, टेप पुढं घ्या, पुढं— तो गुंडाळते. पार पहिल्यापासून.

लाल दिवा लागला. तिनं तोंड उघडलं, गाण्यासारखंच— आवाज काहीच—

छातीवर हात ठेवला. आहे. आहे. अजून आ