चौथ्या दिवशीचं ताट

अधारताल, जबलपूर
१८ जानेवारी १९९६

प्रिय लतिका,

सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच ठेवून देऊ नकोस, एवढीच विनवणी. मी ठीक आहे, गुडघे तेवढे रुसलेत. सोबत तिळगूळ आहे. तीळ भाजताना तुझी आठवण झाली. दुधापेक्षा तिळात कॅल्शियम जास्त, हे महाराजपूरच्या बायांना तू किती ठसक्यात सांगायचीस!

आणि ते सोयाबीनचं दूध? महिला मंडळात एकीनेही पेल्याला तोंड लावेना. तू पदर खोचून अख्खा पेला प्यालीस, वर "वा!" म्हणालीस, आणि परतताना सायकल थांबवून रस्त्याच्या कडेला सगळं ओकलीस. मी हसून हसून खाली बसले. तसं पुन्हा कधी हसले नाही गं.

बातमी अशी, की आपल्या कॉलेजला मुलांच्या आहारावर संशोधनासाठी नवं अनुदान मिळालंय. ज्या मुली घरोघर जाणार आहेत, त्यांच्यापुढे मला २७ तारखेला बोलायचंय. नमुना म्हणून त्यांच्या हाती आपल्या खमरियाच्या आहार-पाहणीचा अहवाल दिलाय. मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव.

तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमधल्या अंजनीवहिनी तू विसरली नसशील. घरात सहा माणसं, आणि पुंडलिकभाऊंचा अर्धा पगार अकोल्याकडे गावी जायचा. तीन दिवस सकाळी आपण तराजू घेऊन जायचो, शिजवण्याआधी डाळ, तांदूळ, कणीक तोलायचो. तिन्ही दिवस घट्ट वरण, तूप, छोट्या मनीषाला वाटीभर दूध. दुसऱ्याच दिवशी बाहेर येऊन तू म्हणालीस, "विभा, हे आपल्यासाठी शिजून राहिलं. शेजारची बाई डाळीची वाटी देऊन गेली, मी पाहिलं न. पाहुणे येणार म्हटल्यावर कोणती बाई कोरडी पोळी वाढते?"

सगळ्या घरी न सांगता पुन्हा जाऊ, असा तुझा हट्ट. मी म्हटलं, अहवाल महिनाअखेर गेला नाही तर पुढचं अनुदान बुडेल, बायांचे आहाराचे वर्ग बंद पडतील. तू चिडून तिसऱ्याच संध्याकाळी नागपूरला निघून गेलीस. लग्न ठरलं म्हणून गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

हे तुला ठाऊक आहे. जे ठाऊक नाही, ते लिहायचं टाळण्यासाठीच एवढं पाल्हाळ लावलं.

तू गेल्यावर मी अंजनीवहिनींकडे गेले होते. चौथ्या दिवशी, न कळवता. तराजूचं एक छोटं वजन तिथे राहिलं होतं, तेवढं निमित्त झालं. वहिनी दारातच गोंधळल्या. "अरे ताई, आज काहून आल्या? आज तर तुमचा दिवस नव्हता न!"

मागे मनीषा जेवत होती. पोळी, मीठ आणि तिखट. वहिनींनी तिच्यापुढचं ताट उचलून पदराआड धरलं. पोरगी रडली नाही, हातातला घास तेवढा तिने घाईने तोंडात कोंबला. मग वहिनींनी शेजारून साखर आणून मला चहा दिला आणि विचारलं, "ताई, आमचं चांगलं लिहिलं न?"

मी हो म्हटलं. आणि खरंच चांगलं लिहिलं होतं! ते ताट पाहून आल्यावरही त्यातला एक आकडा मी बदलला नाही. या मुलांना पुरेसं मिळतं, असा अहवाल गेला, आणि त्या क्वार्टरांच्या लाईनीत मुलांना दूध द्यायचं ठरत होतं ते राहून गेलं.

पुढे वीस वर्षं मी वर्ग घेतले. शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या, सगळं शिकवलं. अजूनही बाया बाजारात थांबवून नमस्कार करतात, आणि मला लाज वाटते. अंजनीवहिनींना खोटं बोलायचं नव्हतं गं, त्यांना फक्त आपला मान राखायचा होता. खोटी मी निघाले.

२७ तारखेला मी मुलींना तो अहवाल मिटून ठेवायला सांगणार आहे. ते ताट सांगणार आहे, आणि तुझं नाव घेणार आहे. तू आली नाहीस तरी सांगणार. पण ये ना. सोयाबीनचं दूध नाही पाजणार, शपथ.

तूच बरोबर होतीस.

चौथ्या दिवशी सगळं पाहून आलेली,
विभा