‘हवापाणी उत्तम’ या दोन शब्दांची दुरुस्ती

मी, शालिकराम देवाजी धकाते, वय सदुसष्ट, निवृत्त भाषांतरकार, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याची खूण म्हणून सांगतो की काल दुपारी अडीच वाजता अंगणातला पारा चव्वेचाळीस अंश दोन होता आणि तो मी चष्म्याशिवाय वाचला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर सगळे माझी पत्नी अनुसया हिच्या नावे केले असते, आणि ती पाच वर्षांपूर्वी गेल्यामुळे तो कागद फुकट गेला असता. आम्हाला मूलबाळ नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व अंगण, माझा पुतण्या ताराचंद, राहणार उमरेड, याला द्यावे. अट एकच. अंगणात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, जिच्यात तापमापक टांगलेला आहे, ती हलवू नये. ती लकडगंजच्या सुताराकडून सागवानाची करून घेतलेली आहे आणि अडतीस वर्षांत एक इंच सरकलेली नाही. ताराचंदला मी लहानपणापासून ओळखतो. त्या जागी त्याला मोटारसायकल उभी करायची आहे. त्याने ती फाटकाच्या डाव्या हाताला उभी करावी.

२. पोस्टातली शिल्लकही ताराचंदलाच. माझी तेरवी साधी करावी. जे लोक पाच वर्षांत एकदाही दारात आले नाहीत त्यांना जेवायला बोलावण्याचे कारण नाही.

३. वडिलांच्या मागाचा धोटा, ज्यातून आडवे सूत धावते, तो ताराचंदच्या मुलीला द्यावा. आमचे घराणे कोष्ट्यांचे. हवा कोरडी पडली की ताण्याचे सूत तुटते, म्हणून वडील उन्हाळ्यात मागाखालची जमीन दिवसातून तीनदा पाण्याने शिंपत आणि हवेत हात धरून सांगत, आज किती वेळ विणता येईल. मी माग सोडून कचेरीत गेलो याचे त्यांना फार वाईट वाटले. पण हवेकडे लक्ष ठेवण्याची सवय त्यांचीच. १९५१ साली मी तापमापक आणला तेव्हा ते म्हणाले, “हात काहून पुरत नाही तुले?”

४. माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश मोहल्ल्यातल्या वाचनालयाला द्यावा. त्यात एका पानावर लाल पेन्सिलीची खूण आहे. ती खोडू नये. तिची हकिकत इथे लिहून ठेवतो, कारण ती अनुसयेशिवाय कोणाला सांगितलेली नाही.

नदीकाठी उभ्या राहणाऱ्या एका वीज प्रकल्पाच्या नागपूर कार्यालयात मी भाषांतरकार होतो. प्रकल्पाला परदेशातून कर्ज मिळायचे होते. माझ्या टेबलावर तीन खात्यांच्या फायली येत. एक परराष्ट्र खात्याची: दोन देशांच्या मैत्रीची भाषणे. दुसरी व्यापाराची: कर्ज पाहिजे तर बॉयलर त्याच देशाचे घ्यायचे, हा करार. त्या बॉयलरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिले होते की धुराच्या कारणाने हा नमुना त्यांच्या स्वतःच्या देशात आता विकला जात नाही. त्याचेही भाषांतर मी केले. ते कोणी वाचल्याचे दिसले नाही. तिसरी फाईल कर्ज देणाऱ्या बँकेची. या तिन्ही फायली दिल्लीत वेगवेगळ्या इमारतींत राहत. एकत्र त्या फक्त माझ्याच टेबलावर आल्या, आणि मला मत विचारण्याचा प्रघात नव्हता.

१९७६ साली बँकेने प्रश्नावली पाठवली. एक्केचाळिसावा प्रश्न होता की प्रकल्पाचा हवामानावर काय परिणाम होईल. प्रश्न मराठीत करून प्रकल्पाच्या गावच्या तलाठ्याकडे पाठवायचे आणि उत्तरे इंग्रजीत करून बँकेला, अशी पद्धत होती. शब्दकोशात ‘क्लायमेट’ या इंग्रजी शब्दापुढे तीन अर्थ होते: हवामान, हवा, हवापाणी. तलाठ्याला सोपे जावे म्हणून मी तिसरा घेतला आणि ‘परिणाम’ गाळला. लिहिले, ‘प्रकल्पाच्या जागी हवापाणी कसे?’ आपल्याकडे सोयरीक जुळवताना मुलीच्या गावाबद्दल विचारतात, तसा तो प्रश्न झाला. तलाठ्यानेही तसेच उत्तर दिले. ‘हवापाणी उत्तम. विहिरीचे पाणी गोड. पाहुण्यांनी हिवाळ्यात यावे.’ मी ते इमानदारीने इंग्रजीत केले. मुख्य लिपिक मारोतराव निनावे यांनी विहीर आणि पाहुणे कापले, ‘उत्तम’ ठेवले आणि सही केली. बँकेने खूण करून पान उलटले.

दोन वर्षांनी मंजुरीचा कागद भाषांतराला आला तेव्हा त्यात एक्केचाळिसाव्या प्रश्नापुढे हे वाचले. हवामानावर परिणाम: उत्तम. मी त्याच दिवशी दुरुस्तीचे पत्र लिहून मारोतरावांपुढे ठेवले. ते म्हणाले, “आता काहून उकरून राहिला गा, शालिक? कर्ज मंजूर झालं, बॉयलर जहाजावर चढले. तुह्या एका शब्दासाठी जहाज वापस येते का?” मी पत्र परत घेतले. हट्ट धरला नाही. नोकरीची दोन वर्षे उरली होती. या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

प्रकल्पाच्या चिमण्या पेटल्या. अनुसयेचे माहेर त्याच गावाला. तिच्या भावाच्या गच्चीवर वाळत घातलेले गव्हाच्या पिठाचे सरगुंडे राखेने करडे होऊ लागले. ती परत आली की पिशवी उघडून मला दाखवायची आणि म्हणायची, “माह्या मायच्या गावचं हवापाणी उत्तम हाय म्हणून तुम्हीच लिवलं न?” आधी चेष्टेने. नंतर नंतर पिशवी नुसती उघडी ठेवायची. तिच्या आजाराशी त्या राखेचा संबंध डॉक्टरांनी जोडला नाही, म्हणून मीही जोडत नाही.

५. वरील दुरुस्तीचे पत्र लोखंडी पेटीत आहे. आता त्याच्या तीन प्रती केल्या आहेत: एक परराष्ट्र खात्याला, एक व्यापार खात्याला, एक कर्ज देणाऱ्या बँकेला. गेल्या वर्षापासून वर्तमानपत्रांत येते आहे की कोळशाच्या धुराने साऱ्या पृथ्वीचे हवामान तापत आहे आणि मोठमोठ्या देशांचे मंत्री त्यावर परिषदा भरवत आहेत. भरवोत. पण मैत्री एका इमारतीत, बॉयलर दुसऱ्या आणि कर्ज तिसऱ्या इमारतीत राहिले तर ‘उत्तम’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा जाईल. म्हणून प्रत्येक प्रतीवर मी लिहिले आहे, ‘कृपया तिघांनी एका टेबलावर बसून वाचावे.’ माझ्या मृत्यूनंतर ही पत्रे ताराचंदने रजिस्टर पोस्टाने टाकावीत. जिवंतपणी मी का टाकली नाहीत, असे कोणी विचारले तर कलम चारमधला भित्रेपणा पाहावा.

६. मारोतराव निनावे यांच्याकडे १९७७च्या पावसाळ्यापासून माझी छत्री आहे. ते दोन घरे सोडून राहतात, पण त्या पत्रानंतर अकरा वर्षांत आमचे बोलणे नाही, त्यामुळे ती मागता आली नाही. ती छत्री त्यांना कायमची दिली असे समजावे.

७. आता जे खरे द्यायचे आहे ते. तापमानाच्या वह्या, एकूण एकोणीस. रोज दुपारी अडीचचा आकडा. मी पेटीपाशी उभा राहून मोठ्याने आकडा सांगायचा आणि अनुसयेने ओट्यावर बसून लिहायचा, असे तेहतीस वर्षे चालले. नोकरी होती तोवर मी त्यासाठी दुपारच्या सुट्टीत सायकलने घरी येत असे, आणि ती माहेरी असली की मीच लिहीत असे. ती गेल्यावरही मी आकडा मोठ्यानेच सांगतो. मग ओट्यावर येऊन स्वतः लिहितो. शेजारचे हसत असतील. एका अंगणातल्या पाऱ्यावरून पृथ्वीचा निवाडा होत नाही, हे मला कळते. पण आमच्या ‘उत्तम’ला खोटे पाडणारा माझ्याजवळ एवढाच साक्षीदार आहे, आणि त्यात एक दिवसही गाळलेला नाही. मी मेलो की दुसऱ्याच दिवशी रकाना रिकामा राहणार, ही एक गोष्ट मला झोपू देत नाही. पुतण्याला विचारले. तो म्हणाला, “रेडिओवर सांगतेत न, काकाजी.” वाचनालयाला विचारले, जागा नाही. म्हणून वह्या कोणाला द्यायच्या ते नाव लिहिण्याची जागा रिकामी ठेवतो: कांताबाई मेश्राम.

(सह्यांपूर्वी वाढवलेला मजकूर) वरील नाव वेगळ्या शाईत का, याचा खुलासा करतो. आज साक्षीसाठी गिरिधर वकील आणि शेजारच्या अंगणवाडी सेविका कांताबाई मेश्राम यांना बोलावले होते. मजकूर वाचून होईपर्यंत अडीच वाजले. मी उठून पेटीपाशी गेलो आणि सवयीने आकडा मोठ्याने सांगितला. मागून आवाज आला, “पुन्हा सांगा न, काकाजी. मी लिहून राहिली.” वळून पाहिले तर कांताबाई ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसलेल्या. मी आकडा पुन्हा सांगितला. त्या रोज पोरांची वजने घेऊन तक्त्यावर लिहितात, त्यांना यात विशेष काही वाटले नाही. म्हणाल्या, “अडीचले अंगणवाडी सुटलेलीच राहते. येऊन लिहीन मी. त्यात काय?”

मी नाव भरले. तेव्हा वकील म्हणाले, “वह्या बाईले देत असाल तं बाईची साक्ष नको. उद्या ताराचंदनं वाद काढला तं?” म्हणजे एक साक्षीदार कमी पडला. कांताबाई मला न विचारता दोन घरे पलीकडे गेल्या आणि मारोतरावांना घेऊन आल्या.

मारोतराव आता काठी घेऊन चालतात. त्यांनी सगळा मजकूर उभ्यानेच वाचला, कलम चारही. नंतर म्हणाले, “पाहुण्यांनी हिवाळ्यात यावे, हे मीच कापलं. ते ठेवलं असतं तं तिकडं कोणाले तरी हसू आलं असतं गा. मंग त्यानं प्रश्न पुन्हा वाचला असता.” एवढी वर्षे हे माझ्या ध्यानात आले नव्हते. त्यांनी दुरुस्तीच्या तिन्ही प्रती मागून घेतल्या, माझ्या नावाखाली सही केली आणि त्या स्वतःच्या खिशात घातल्या. म्हणाले, “मरायची वाट काहून पाहू? उद्या सोमवार हाय. पोस्ट उघडं राहते.” चहा नको म्हणाले. त्यामुळे कलम पाच रद्द समजावे. कलम सहा कायम.

सही: शालिकराम देवाजी धकाते

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१) गिरिधर पौनीकर, वकील
२) मारोतराव निनावे, निवृत्त मुख्य लिपिक

स्थळ: तांडापेठ, नागपूर. दिनांक २१ मे १९८९, रविवार.

आजची नोंद वहीवरून जशीच्या तशी उतरवतो. हस्ताक्षर माझे नाही. शेऱ्याचा रकाना आधी आम्ही दोघांनी आणि मग मी एकट्याने, अडतीस वर्षे कोरा ठेवला होता. तो काय लिहिण्यासाठी असतो हे कांताबाईंनी विचारले नाही.

दुपारी २.३०. अंश ४४.८. शेरा: लय उकडून राहिलं.