तुझ्या भांड्यातला पहिला नंबर

हेलेना, १२ ऑगस्ट

आईस,

मी बरी आहे, नोकरीही टिकून आहे.

विधानभवनापुढच्या जत्रेत हकलबेरी या इथल्या रानफळाच्या केकची स्पर्धा झाली. आमच्या साहेबांच्या बायकोने, डॉर्थाबाईंनी, तुझं केकचं भांडं माझ्याकडून उसनं नेलं आणि त्यात चक्क दुकानातला केक ठेवून आणला. दुकानाचा खोका मी त्यांच्या गाडीत पाहिला होता. पहिला नंबर त्याच केकचा.

परीक्षकांनी भांडं उचलून बुडाच्या चिकटपट्टीवरचं तुझं नाव वाचलं. बाई हसून म्हणाल्या, "भांडं हिच्या आईचं, हात माझा. काय गं, सांग ना."

"हो," म्हणाले मी. टाळ्याही वाजवल्या. स्वतःचीच शिसारी आली.

बाबांचा गुडघा कसा आहे? भांडं तीनदा घासलं, तरी तुझ्याकडे परत पाठवायला हात धजत नाही.

तुझी,
मार्ना