पट्टीवर वर चढलेला डाग

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून काय बिघडणार आहे, असं स्वतःला समजावत मी लिहायला बसते आणि पहिलीच ओळ तीनदा खोडते. अजून वाटतं, दारातून तुम्ही आत याल, चष्मा कपाळावर सरकवाल आणि विचाराल, "काय गं, एवढी घाबरलीस कशापायी?"

सत्तरच्या दशकातलं आपलं सोलापूर. शहराबाहेरच्या ज्वारीच्या रानातून आपण कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी नाकतोडे धरून आणायचो. पाठीला मेणानं दोरा चिकटवून त्यांना पंख्यासमोर तासभर उडवायचं, मग रक्ताचा थेंब काढायचा. त्यातली चरबी वेगळी करून पांढरी पूड थापलेल्या काचेच्या पट्टीवर, अगदी खालच्या रेघेवर टेकवायची. पट्टी द्रावणात उभी केली की चरबी वर चढायची आणि आयोडीनच्या बरणीत तिचे तपकिरी डाग उमटायचे. अंगात साठवलेली चरबी पार वर जाते. रक्तातून वाहणारी निम्म्यावरच थांबते, कारण साठ्यातून निघताना तिचा एक तुकडा तोडलेला असतो. ती वाहून नेणारं प्रथिन पंखांच्या स्नायूंपाशी माल उतरवतं आणि रिकामं होऊन पुन्हा भरायला परततं, हे मला पुढे कळलं. तुम्हाला ते सांगायचं राहूनच गेलं.

त्या शनिवारी मी डबा खात होते, भाकरी आणि तेल सुटलेली शेंगाची चटणी. तुम्ही आतून हाक मारलीत, "आटप की, थेंब वाळायला लागलाय!" नळाला पाणी नव्हतं. मी बोटं पदराला पुसली आणि तशीच पट्टी धरली. अंगठा खालच्या रेघेवर टेकला. मला ते कळलं, सर. तरी म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय.

संध्याकाळी बरणीतून पट्टी काढलीत आणि तुमचा आवाजच बदलला. "अगं, हितं बघ! साठ्यातली चरबी जशीच्या तशी रक्तात उतरलीय. पुस्तकात असलं कुटंच न्हाय!" पार वर, ठसठशीत डाग. मी माझ्या अंगठ्याकडे पाहते, नखात अजून लाल तिखट आहे. शेंगदाण्याचं तेल म्हणजेही साठवलेली चरबीच, तीही पार वरच चढते. वीस वर्षांत तुमच्या नावावर एक शोधनिबंध नव्हता, आणि पुण्याच्या सभेत हे मांडायचं तुम्ही तिथल्या तिथे ठरवलंत. मुलीला कशाला घेता प्रयोगशाळेत, असं म्हणणाऱ्यांशी तुम्ही माझ्यासाठी भांडला होतात. मी चूक कबूल केली तर त्यांचंच खरं होणार. उद्या सांगू, असं म्हणत मी घरी गेले. जेवण जाईना, आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तो उद्या आलाच नाही. आठवडाभर तुम्ही स्वतःच्या हातानं तोच प्रयोग पुन्हा पुन्हा केलात. निम्म्यावरचा डाग यायचा, वरचा येत नव्हता. मी शेजारी उभी राहून नाकतोडे उडवत होते आणि प्रत्येक पट्टीला देवाचं नाव घेत होते. डाग यावा म्हणून की येऊ नये म्हणून, ते मला तेव्हाही कळत नव्हतं. शेवटी तुम्ही पुण्याला कार्ड टाकलंत, सभेला येत नाही म्हणून. मग स्वतःचा हात पुढे धरून पाहत राहिलात. "तुझा हात चांगला हाय गं. माझाच गेला. थेंब टेकवायला जमंना आता." त्यानंतर तुम्ही पट्टीला हात लावला नाहीत. सगळं काम माझ्याकडे दिलंत, आणि त्याच कामावर मला पुढे नोकरी मिळाली.

तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे. तिलाही हे पाठवणार नाही, एवढी हिंमत आजही नाही.

माझाच हात गेला, असं तुम्ही बोललात तेव्हा मी रडले आणि तुम्हीच उलट माझी समजूत घातलीत, "एवढं काय मनाला लावून घेतीस?" सर, ते रडणं तुमच्यासाठी नव्हतं. मी सुटले होते.