हातकागदावर न टिकलेले अक्षर

आप्पा, तुम्ही जिवापाड जपलेला हातकागद काल अखेर मी पेटीतून बाहेर काढला. कर्म आणि त्याग यांवर मी आयुष्यभर जे चिंतन केले, त्याचे भाष्य सूनबाईने संगणकावर उतरवून दिले आहे. त्याची एकच प्रत काढायची आणि तीही तुमच्याच कागदावर, असा माझा हट्ट होता. हट्ट कसला, सूडच म्हणा.

डहाणूच्या घराची ती ओसरी अजून डोळ्यांसमोर आहे. चौरंगावर कागद पसरून तुम्ही पोथीचा अध्याय उतरवीत आहात, आणि मी हळूच एक कोरे पान उचलतो.

"खाली ठेव. हात धुतलेस?"

"धुतले, आप्पा."

"पुन्हा धू. आणि धुतलेस तरी लावू नकोस. हा कागद भगवंताच्या शब्दांसाठी आहे, तुझ्या कोंबडीच्या पायांसाठी नाही."

समोर बसलेले तुमचे विद्यार्थी हसतात. पुढे त्यांच्यापैकीच घोलवडच्या एकाला, अक्षर सुंदर म्हणून, तुम्ही माझ्यादेखत, पोटच्या मुलादेखत, याच कागदाची पाने भेट दिलीत. समदृष्टीवर तुम्ही किती रसाळ बोलत असा! पुढे तलासरीच्या शाळेत संस्कृत शिकवताना माझे फळ्यावरचे अक्षर पाहून मुले म्हणत, सरांचे अक्षर छापल्यासारखे आहे. ते पाहायला तुम्ही एकदाही आला नाहीत. डहाणूहून तलासरी अशी किती लांब होती?

"बाबा, हा लेझर प्रिंटर आहे," सूनबाई काल म्हणाली, "याला गुळगुळीत, कोरडा कागद लागतो. हा तर पापडासारखा आहे!"

"तू छाप."

"अडकला तर तुम्हीच ओढून काढायचा हं."

अडकला नाही. पान ऊन ऊन बाहेर आले. अक्षरे काळीभोर, रेखीव. मी कृतार्थ होऊन त्यावरून अंगठा फिरवला, आणि माझे पहिले वाक्य काळी भुकटी होऊन अंगठ्याला लागले.

"बघा! टोनरची पूड तापून कागदावर घट्ट बसावी लागते. या खळग्यांत ती बसणार कशी? त्यात आपली ही दमट हवा. ऐंशी जीएसएम वजनाचा साधा कागद आणते, पाकीट छापतानाच फोडू, म्हणजे ओल धरणार नाही."

ती हसत होती. मला हसता आले नाही. तुम्ही गेलात, पण तुमचा कागद तुमच्याच बाजूचा निघाला. माझा शब्द त्याने झटकून टाकला.

स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेल्या त्या साध्या, पांढऱ्या कागदाने मात्र काहीही न विचारता माझा शब्द धरला. नखाने खरवडून पाहिले; अक्षर हलले नाही. ती प्रत आता देवघरात आहे.

हे पत्र मी तुमच्या उरलेल्या कागदावर, टाक दौतीत बुडवून लिहीत आहे. शाई पसरत नाही, पुसलीही जात नाही. ते कुठे पाठवायचे नाही. वाळले की पेटीत जाईल. कोणाचीही परवानगी न घेता लिहीत आहे, असे इथे अभिमानाने म्हणणार होतो. पण लिहायला बसण्यापूर्वी मी हात धुतले, आप्पा. आणि पुन्हा धुतले.