कढीपत्त्याशी झालेले बोलणे

चिक्कडपल्ली, हैदराबाद
मंगळवार

ती. प्रतापरावांस,

श्रीनिवासचा दोन्ही हात जोडून नमस्कार. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आपल्याला वाचायला मनाई नसेल असे धरून लिहितो; असल्यास वहिनींकडून वाचून घेऊ नये, मजकूर खाजगी आहे. आपली बहीण कुसुम प्रकृतीने उत्तम आहे. धक्का बसला आहे तो मला.

निवृत्त झाल्यापासून (जामबागेतल्या शाळेत एकतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यावर हात रिकामे बसत नाहीत) मी घरात सुधारणा करतो आहे. या खेपेस गच्चीतल्या कुंड्या हाती घेतल्या. कोठीच्या बाजारातून पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक आणला, कुंड्यांत ओल मोजणाऱ्या पट्ट्या खोचल्या, पिंपात छोटी मोटर सोडली. माती वाळली की संगणकाने मोटर चालू करायची. पहिल्याच दिवशी प्रोग्रॅममध्ये मी एक चिन्ह उलटे टाकल्यामुळे त्याला ओली माती कोरडी वाटली आणि अख्खे पिंप खालच्या एकनाथरावांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर रिकामे झाले. (ते अजून जिन्यात माझ्याकडे न बघता 'नमस्कार' म्हणतात.) दुसऱ्या दिवशी मात्र सगळे बिनचूक चालले. मी कुसुमला म्हणालो, "आजपासून तुझी सकाळची दगदग संपली." ती "बरं" म्हणाली.

पाने कोमेजतात का ते फोनवर बघता यावे म्हणून मी कॅमेराही लावला. चार दिवसांनी पाहतो तर मोटर बंद, तरी कढीपत्त्याच्या कुंडीत चिखल. मोटर गळते की काय म्हणून कॅमेऱ्यातले चित्रण काढले. प्रतापराव, आपली कुसुम उपड्या बादलीवर बसून कढीपत्त्याला तांब्याने पाणी घालत होती आणि त्याच्याशी बोलत होती. त्यात आवाजही येतो, इतका स्वच्छ येतो, याची मला कल्पना नव्हती.

"रिटायर झाल्यापासून हे एकेक काम माझ्या हातून काढून घेतायत. आधी डबे, प्रत्येकाला चिठ्ठी लावली. मग दूध. आता तुझं पाणी. घरात वर्गात बसल्यासारखं वाटतं रे. महिनाभर दादाकडे नांदेडला जाऊन यावं म्हणते, पण विचारलं तर हे वेळापत्रक करून देतील."

मी पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आणि चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावले. छत्तीस वर्षांत ती माझ्याशी एका दमात इतकी वाक्ये बोलल्याचे आठवेना. (मी मध्येच बोलत असेन.) आणि वेळापत्रक, खरे सांगतो, मनात तयार होऊ लागले होते. शेवटी उठलो, मोटरचा प्लग काढला आणि खाली येऊन तिला सांगितले, "यंत्र बिघडलं. मला नाही जमलं." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारले. तिने चहाचे आधण ठेवले. मग म्हणाली, "परेशान नका होऊ. चहा घ्या."

आपला,
श्रीनिवास

ता. क. पत्र खरे तर एवढ्यासाठीच : आपण होऊन कुसुमला फोन करावा आणि महिनाभर राहायला बोलवावे. मी लिहिल्याचे तिला कळू देऊ नये.

आणखी ता. क. दादा, कुसुमचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याच हातात दिलं. मी शुक्रवारच्या गाडीने येते आहे, फोनची वाट बघत बसत नाही. मोटरचा प्लग मी परत लावला. महिनाभर झाडांना पाणी कोण घालणार? यंत्र चांगलं चालतं. आणि कॅमेरा बसवताना शिडी मीच धरली होती, हे यांना आपलं आपण आठवेपर्यंत तू काही बोलू नकोस.